झुंबरआक्काचा कोरडा घास

भिगवणच्या मासळी बाजारात कुणाच्या घशात काटा अडकला की डॉक्टर नंतर, आधी झुंबरआक्का. कोरड्या भाकरीचा लिंबाएवढा घास वळायचा, न चावता गिळायला लावायचा आणि पाठीत एक रट्टा घालायचा. दहातले नऊ काटे खाली जात. दहावा दवाखान्यात जाई, त्याचं नाव ती काढत नसे.

तिचा नवरा गेणू उजनीच्या पाण्यात होडी घालायचा. मागल्या वर्षी त्याच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगली. पुण्यात जांघेतून तार घालून आतून कापडी नळी बसवली. छाती न फाडता माणूस आठवड्यात चालत घरी आला, तेव्हा आक्काला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "ताप आला, घास उतरताना दुखलं, तोंडातून थेंबभर जरी रक्त आलं, तर त्याच घटकेला इकडं आणा. नळीला लागूनच अन्ननलिका आहे." आक्कानं मान डोलावली होती.

तेव्हापासून गेणूच्या ताटातला मासा ती स्वतः सोडवायची. बोटांनी चाचपून एकेक काटा काढायची आणि मऊ तेवढंच वाढायची.

"मी काय तान्हं पोर हाय व्हय?" गेणू चिडायचा.

"गप खावा. माझ्या बोटातनं काटा सुटत न्हाय."

पाचव्या महिन्यात गेणूच्या अंगात कणकण राहू लागली. काठावरच्या गार वाऱ्यानं असेल, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. एका सकाळी भाकरी खाताना त्यानं छातीवर हात दाबला, ठसकला आणि दारात लालभडक रक्ताची गुळणी टाकली.

माहेरपणाला आलेली रेश्मा फोन घेऊन धावली. "आये, पुण्याला लावू का?"

"अगं, काटा टोचलाय. राती रोहू हुता न्हवं? येवढ्याला कुठं पुण्याला जायचं?"

आक्कानं घास वळला. गेणूनं डोळ्यांत पाणी आणून तो गिळला. पाठीत रट्टा बसला. रक्त पुन्हा आलं नाही.

"गेला बघ," गेणू म्हणाला. खोटं कशाला सांगा, आक्काला तेव्हा अभिमानच वाटला. रेश्मानं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जाळं दुरुस्त करता करता गेणू उभा राहिला. "झुंबरे," म्हणाला आणि घागर उपडी व्हावी तसं तोंडातून रक्त आलं. गाडी हायवेला लागायच्या आत तो गेला.

डॉक्टरांनी रेश्माला फोनवर सांगितलं, नळीपाशी अन्ननलिकेला भोक पडलं होतं. पहिली गुळणी म्हणजे इशारा. वाचला असता असं छातीठोक सांगता येत नाही, पण एक दिवस हातात होता. रेश्मानं आईला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं आक्काला फार वाटतं.

परवा बावड्याची एक बाई नवऱ्याला घेऊन आली. काटा अडकला होता. सवयीनं आक्कानं घास वळला आणि तिचा हात थांबला.

"दवाखान्यात जावा."

"आसं काय करता आक्का? तुमच्या हाताला गुण हाय की!"

आक्कानं घास कोंबड्यांपुढं कुस्करला. मग बोटं पदराला पुसली.

"त्या रातीचा रोहू मीच सोडवला हुता," ती म्हणाली. "दोनदा चाचपला हुता. त्यात काटा न्हवताच."