आरशातली मालिका

आमचे बाबा माणसाकडे थेट बघत नाहीत, आरशातून बघतात. सगळा जन्म गिऱ्हाइकाच्या मागे उभं राहून केस कापण्यात गेला, त्यामुळे रस्त्यात कुणी भेटलं तरी त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे आरसा शोधत असते. मला ओरडायचं असलं तरी आरशाकडे तोंड करूनच ओरडतात. दुकानात दोन खुर्च्या आहेत. एक त्यांची. दुसरी माझी व्हायला हवी होती, आणि ती का झाली नाही हे सांगायला बसले की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी डावखुरी. लहानपणी डाव्या हातात कात्री धरली की बाबा गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या कापडाची नाडी घ्यायचे आणि तो हात कमरेला बांधून टाकायचे. डाव्या हाताने कापणारी बघून गिऱ्हाईक उठून जाईल, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मी उजव्या हाताने शिकले, पण तो हात मला कायम उसना आणल्यासारखा वाटला. डाव्या हाताची कात्री मी गुपचूप आणली होती. त्या कात्रीने मी घरी मैत्रिणींचे केस कापायचे आणि दुकानात ती टॉवेलांच्या खणात लपवून ठेवायचे. दुकानात माझ्या वाट्याला काय, तर केस झाडणं, टॉवेल धुणं, फार तर लहान पोरांची डोकी. वर बाबा म्हणणार, हिच्या हाताला वेग नाही. हात बांधणारेही हेच आणि वेग मोजणारेही हेच.

टीव्ही आरशासमोरच्या भिंतीवर, बाकाच्या वर आहे. म्हणजे खुर्चीतल्याला, बाकावरच्याला आणि बाबांना, सगळ्यांना तो आरशातच दिसतो. त्यावर दिवसभर बातम्या. कार्टून ही दुधाचे दात असलेल्यांनी बघायची गोष्ट, असं बाबांचं ठाम मत. एका दुपारी एक पोरगं मान स्थिर ठेवेना म्हणून मी कार्टून लावलं. पोरगं केस कापून गेलं, पण बाबांनी काही चॅनल बदलू दिलं नाही.

ती मालिका होती झोपी गेलेल्या नद्यांची. एका राज्यातल्या सगळ्या नद्या रुसून झोपल्यात आणि नावाड्याची अनाथ मुलगी त्यांना उठवायला निघते. सोबत एक म्हातारा बगळा, पूर्वीचा सेनापती, तिला वाटेत तलवार शिकवणारा. प्रत्येक नदी जागं व्हायची काहीतरी किंमत मागते. एकीने मुलीचं हसू मागितलं आणि मुलीने ते देऊन टाकलं. त्यानंतर कित्येक भाग ती हसलीच नाही. पोरांच्या नावाखाली कुणा शहाण्या माणसाने मोठ्यांसाठीच लिहिलं होतं ते. बाबा पार खुळावले. मॅच लावा म्हणणाऱ्यांना त्यांनी दार दाखवलं. बगळा जखमी झाला त्या दिवशी एका वकिलाचा एक कल्ला कानाच्या वर गेला. मीही घरी जेवताना मोबाईलवर ती मालिका बघायला लागले आणि माझं जेवण रोज गार व्हायला लागलं.

मोबाईलवर बघितल्याबरोबर मला कळलं, मुलगी तलवार उजव्या हातात धरते. बाबांना ती आरशात डावखुरी दिसत होती. पडद्याच्या कोपऱ्यातली उलटी अक्षरंही त्यांना खटकली नाहीत, कारण दाराच्या काचेवरचं दुकानाचं नाव ते रोज आतून उलटंच वाचतात. मी काही बोलले नाही. काय डावा हात आहे पोरीचा, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे. मला वेडीला वाटायचं, यातलं थोडं कधीतरी माझ्याही वाट्याला येईल.

आलं ते भलतंच. एका गिऱ्हाइकाची दाढी करता करता त्यांनी त्याला सांगितलं की पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या खुर्चीवर कारागीर ठेवतोय. मला विचारणं सोडाच, साधं सांगितलंही नव्हतं. मी तिथेच टॉवेल घेऊन उभी. तेवढ्यात मालिका सुरू झाली, बगळा मुलीला नवा वार शिकवू लागला, आणि बाबांचा आवाज भरून आला.

"गुरू असावा तर असा. पोर डावखुरी, पण त्याने एकदाही टोकलं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"टोकेल कशाला? ती उजवीच आहे," मी म्हणाले. "तुम्ही आरशात बघताय, बाबा. इथे डावखुरी मी आहे. आणि माझा हात तुम्ही बांधलात."

गिऱ्हाइकाने डोळे मिटून घेतले. बाबा वळले. फेसाचा ब्रश हातात तसाच धरून त्यांनी पहिल्यांदा सरळ टीव्हीकडे बघितलं आणि भाग संपेपर्यंत बघत राहिले. गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वाळत चालला होता. ते आता ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. मला ते हवंच होतं. इतक्या वर्षांचं सगळं ओठांवर येऊन थांबलं होतं.

ते ओरडले नाहीत. राहिलेली दाढी उरकली, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं, टीव्ही बंद केला. मग दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले आणि कापड स्वतःच गळ्याभोवती बांधून घेतलं.

"काप," ते म्हणाले. "तुझ्या हाताने."

मी खणातून माझी कात्री काढली. कारागिराचं काय, असं विचारलं. त्याला नको म्हणून कळवतो, असं ते पुटपुटले. मी मानेपासून सुरुवात केली. हात असा सरसर चालायला लागला की माझं मलाच नवल वाटलं. राग उतरला असेल असं कुणाला वाटेल, पण नाही उतरला. कारण कापता कापता मी मान वर केली आणि आरशात बघितलं. तिथे बाबांच्या मागे उभी असलेली बाई उजव्या हाताने केस कापत होती.

बाबाही तिच्याकडेच बघत होते. गिऱ्हाईक उठून जाईल म्हणून यांनी माझा हात बांधला, आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला मी उजवीच दिसले असते. एकदा, फक्त एकदा, या आरशासमोर त्या हातात कात्री राहू दिली असती तर दिसलं असतं.

"मान खाली करा," मी म्हणाले, आणि कापत राहिले.