मास्तरीणबाईंची यादी

शाळा बंद पडली तेव्हा मास्तरीणबाई बेचाळीस वर्षांच्या होत्या. त्या प्रोग्रॅमिंग शिकल्या आणि पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लागल्या. तिथला प्रोग्रॅम जुना, सत्तर फायलींचा. त्यात फंक्शनं, म्हणजे एकेक काम करणारे नाव दिलेले तुकडे, किती, कुणालाच धड ठाऊक नव्हतं. साहेबांनी यादी मागितली.

शेजारच्या टेबलावरचे सहकारी, ज्यांना सगळे पंडित म्हणत, त्यांनी 'फंक्शन' हा शब्द शोधून तासाभरात चारशे बारा नावं काढली. बाईंना दोन दिवस लागले. त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम शब्द हुडकत नव्हता, कोडचं व्याकरण सोडवत होता. त्यांची नावं भरली चारशे एक.

"बाई, अकरा खाल्लीत की!" पंडित हसले.

"ती अकरा कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपणांत नुसती उरलीत. कुणीतरी कधीच रद्द केलीत. यंत्र त्यांच्याकडे बघतही नाही."

साहेबांनी अकराही जागा उघडून पाहिल्या आणि बाईंची यादी ठेवून घेतली. "हे कुठे शिकलात?"

"वीस वर्षं पोरांकडून वाक्यपृथक्करण करून घेतलं, साहेब."

दुपारी पंडित स्वतःची खुर्ची ओढत बाईंच्या टेबलाशी आले. "मलाही शिकवा," ते म्हणाले, "फक्त अंगठे धरायला लावू नका."