मोतीरामदादांनी अडवलेली पेटी

मोतीरामदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी दरडावून विचारलं, "कोण बोलतंय?" पलीकडे त्यांचा पुतण्या होता, त्यानं नाव सांगितलं, तरी माझी खात्री पटेना. परवाच तर किन्हवलीच्या स्टँडवर धडधाकट भेटले होते… मी मूळचाच संशयी. बातमी खरी निघाली. त्याला आता दीड महिना झाला. हे लिहायला बसलोय तेही दुःखानं की आणखी कशानं, याचाही मला भरवसा नाही.

वाशिंदजवळच्या आमच्या कारखान्यात टेपरेकॉर्डर बनायचे. मी मुरबाडहून तिथं नोकरीला लागलो तेव्हा दादा शेवटच्या तपासणीच्या टेबलावर होते. माल बाहेर पडायचा तो त्यांच्या सहीनं. त्यांनी मला हाताखाली घेतलं आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "वाजतोय म्हनून सोडू नको रे. नीट संशय घे त्याचा." पण खरं सांगायचं तर आमच्या टेबलावर एक वाईट खोड पडली होती. टेप मुका निघाला की वरून तळहाताची एक थाप द्यायची. लागला बोलायला की पास! आतला एखादा सोल्डरचा डाग कच्चा राहिलाय, तार नीट धरत नाही, हे सगळ्यांना कळायचं. महिनाअखेरीला माल काढायची घाई असली की दादाही थाप द्यायचे, आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाहीत.

नव्वदचं दशक संपता संपता टेपची मागणी बसली. माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात साहेबांनी एका मोटार कंपनीचं काम आणलं. गाडीची दारं आपोआप लॉक करणारी, काचा वरखाली करणारी पेटी आम्ही बनवून द्यायची. कारखान्यात पेढे वाटले. दादांनी पेढा खाल्ला आणि नमुन्यांवर सही करायला साफ नकार दिला.

"वायर ती वायर, दादा. टेपात काय नि गाडीत काय?" मी म्हणालो.

"टेप बिघडला तं मानूस त्याच्या बाहेर असतो. गाडीत मानूस आत असतो, सुरेश. आन आपले हात कसे हायत ते मला ठावं हाय ना! आपन घरातल्या वस्तू करनारी मानसं. ह्ये आपलं काम नाय."

मला पटलं नाही. माझं लग्न ठरलेलं, नोकरी जायची वेळ आलेली, आणि हा माणूस एका सहीसाठी सगळ्यांना वेठीला धरून बसलेला! याला कुणी फितवलंय का, असं मनात आलं. एकदा मनात आलं ते जाईना. शहापूरला हॉटेलात ते एका परक्या माणसाबरोबर चहा पिताना दिसले, मी नोंद घेतली. दोन दिवसांनी टॉवेलात गुंडाळून नमुन्याची पेटी पिशवीत टाकताना दिसले. मग काय, माझी पक्की खात्री! पेटी दुसऱ्या कंपनीला विकतायत. मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं.

सुटीच्या वेळी गेटवर सगळ्यांदेखत त्यांची पिशवी उपडी केली. डबा, विळा, पेटी. दादा म्हणाले, "पुतन्याच्या जीपला बांधून बघतोय, साहेब. मुरबाडच्या रस्त्यावर आदळून टिकती का नाय ते." जाऊन जीप बघायची तसदी कुणी घेतली नाही. मीही नाही. राजीनामा लिहून घेतला आणि त्यांचं टेबल मला दिलं. नमुन्यांतली एक पेटी बंद पडली होती… मी थाप दिली. चालू झाली. मी सही केली.

पुढच्या उन्हाळ्यात मोटार कंपनीचं पत्र आलं. भर उन्हात उभ्या गाडीची दारं लॉक होऊन बसली होती, आत एक बाई आणि तिची लहान मुलगी. काच फोडून काढावं लागलं. काम गेलं ते गेलंच. मी किन्हवलीला दादांना सांगायला गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "पोर बरी हाय ना?" बरी आहे म्हटल्यावर त्यांनी चहा सांगितला. साहेबांकडे तक्रार कुणी केली, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. पुढं वर्षानुवर्षं जात राहिलो, चहा पीत राहिलो, आणि दर वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे चोरून बघत राहिलो. यांना कळलंय की काय? नसेल कळलं. की असेल?

दहाव्याला गेलो होतो. माणसं पांगल्यावर वहिनींना एकटं गाठलं आणि म्हटलं, "वहिनी, एक सांगायचंय. त्या पिशवीचं…"

"त्यांना ठावं व्हतं, भावजी," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी कळलं व्हतं."

मी विचारलं, "मग कधी बोलले कसे नाहीत?"

"माज्याशी बोल्ले ना. म्हनले, सुरेशनं पिशवीवर संशय घेतला, घेऊ दे. पेटीवर घेतला असता तं बरं झालं असतं."

एवढं म्हणून त्यांनी ओसरीवरची दादांची खुर्ची पदरानं पुसली आणि माझ्याकडे सरकवली. मी खाली जमिनीवर बसलो.