ब्रिटाने दोनदा भरलेला कर

मिनेसोटातल्या आर्डिस थोरसन यांच्या गावात कुणी कॉफी विचारली की दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा ‘बरं’. विचारणाऱ्यानेही तिसऱ्यांदा विचारायचंच. दुसऱ्या नकारावर जो थांबेल, तो कंजूस.

आर्डिसबाईंनी गावच्या शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य घालवलं. निवृत्तीनंतर त्या घराच्या तळघरात टेबल मांडून लोकांची कराची विवरणपत्रं भरून देऊ लागल्या. जुने विद्यार्थीच गिऱ्हाईक झाले. त्यांतली एक ब्रिटा, इस्पितळात भूल देणारी परिचारिका. तिचा पगार इतका, की ज्या निवृत्तिखात्यातून म्हातारपणी पैसे काढताना कर लागत नाही, त्या रॉथ खात्यात नियमाप्रमाणे तिला सरळ पैसे टाकता येत नसत. मग ती मागच्या दाराने जाई. कर भरून उरलेले पैसे साध्या निवृत्तिखात्यात टाकायचे आणि लगेच रॉथमध्ये वळवायचे. कायद्याला ते चालतं. मात्र या पैशांवर कर आधीच भरला आहे, हे एका वेगळ्या पानावर दरवर्षी सरकारला कळवावं लागतं.

ते पान आर्डिसबाईंनी चार वर्षं भरलंच नव्हतं. ‘यातल्या कशावर आधी कर भरला आहे का?’ असं संगणक विचारायचा आणि त्या घाईत ‘नाही’वर बोट टेकवून पुढे जायच्या. ब्रिटा त्याच पैशांवर दुसऱ्यांदा कर भरत राहिली, आणि वर दरवर्षी आभाराच्या म्हणून लिंबाच्या वड्या आणत राहिली.

या हिवाळ्यात विवरणपत्रं भरून देणाऱ्यांसाठी एक वर्ग होता. “हे पान विसरणारा महाभाग प्रत्येक गावात एक तरी असतोच,” शिकवणारा म्हणाला. सगळे हसले. आर्डिसबाईही हसल्या, आणि हसता हसताच त्यांच्या जिभेवर त्या वड्यांची चव आली.

घरी येऊन त्यांनी तीन वर्षांची दुरुस्तीची विवरणपत्रं तयार केली. चौथ्याची, म्हणजे सगळ्यांत जुन्या वर्षाची, परतावा मागायची मुदत संपून गेली होती. दुरुस्तीवर ब्रिटाची सही हवी होती. पण ब्रिटा कधी काही वाचत नसे. त्यांनी ते कागद यंदाच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवले.

“बाई, यंदा किती सोललं सरकारने मला?” ब्रिटा जिना उतरतानाच ओरडली. तिने वड्यांचं ताट टेबलावर ठेवलं आणि पेन उचललं. “दाखवा, कुठे करू सही? उद्या तुम्ही माझं घर नावावर करून घेतलंत ना, तरी मला पत्ता लागायचा नाही!”

एक सही झाली. दुसरी झाली. पान उलटलं, आणि आर्डिसबाईंनी त्यावर आपला तळवा ठेवला.

“हे वाच आधी.”

“बाई, मी दिवसभर लोकांना झोपवते. हे वाचलं तर मीच झोपेन.”

“वाच, ब्रिटा. माझी चूक आहे त्यात.”

मग त्यांनी सगळं सांगितलं.

“संगणकाने विचारलं होतं?” ब्रिटाने विचारलं.

“दरवर्षी.”

“‘उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचा.’ फळ्यावर लिहायचात तुम्ही. मला एकदा त्यापायी वर्गाबाहेर उभं केलं होतंत.” ती हसत नव्हती.

आर्डिसबाईंनी खणातून चेक काढला. “त्या जुन्या वर्षाचे पैसे सरकार देणार नाही. ते मी देते. घे.”

“नको, बाई.”

“घे गं.”

“अहो, नको म्हटलं ना.”

दोन नकार झाले होते. जवळपास दोन हजार डॉलरचा चेक होता, पेन्शनमधून साठवलेला. तो खणात परत ठेवला असता तर गावात कुणालाही कळलं नसतं. पण तो नकार खरा होता की रीतीचा, हेही मग कधीच कळलं नसतं.

“घे, ब्रिटा.”

“बरं,” ब्रिटा म्हणाली. तिने चेकची घडी करून कोटाच्या खिशात टाकली. मग दुरुस्तीचा पहिला कागद पुढे ओढला आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. समोर आर्डिसबाई, वही तपासून मिळायची वाट बघणाऱ्या मुलीसारख्या, हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या.