जर्मनच्या तारेची ओवाळणी

माझ्या मामांइतका हाताच्या मागच्या बाजूनं जग ओळखणारा माणूस अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. माणसं कुणाच्या घरी गेली की चपला काढतात, पाणी पितात, पाऊसपाण्याची चौकशी करतात. मामा आधी भिंतीवरच्या बटणांच्या बोर्डाकडं जायचे. उजव्या हाताची मागची बाजू त्याला टेकवायची, डोळे मिटायचे, मग नाक जवळ नेऊन वास घ्यायचा. बोर्ड गार लागला तरच खाली बसायचं. कोमट लागला की चहा राहिला बाजूला, खिशातून स्क्रू पिळायचा पेचकस निघालाच. हा पेचकस पेनाच्या जागी असायचा, आणि लग्नाकार्याला नवा सदरा घातला तरी तो तिथून हलायचा नाही. गावात नव्यानं आलेल्या सुनांना वाटायचं, म्हातारा फार भाविक आहे, लाइटीच्यासुद्धा पाया पडतो.

एकदा गावच्या सोसायटीची वार्षिक सभा भरली होती. चेअरमन बोलण्याच्या भरात आलेले. "हा ठराव कुणाला नामंजूर असेल त्यांनी हात वर करावा," असं ते म्हणाले, आणि नेमके तेव्हाच मामा उठून हात वर करून त्यांच्याकडं चालू लागले. चेअरमनच्या विरोधात हात वर करायची आमच्या गावात पद्धत नव्हती. चेअरमन कसंनुसं हसून म्हणाले, "तुमची काय तक्रार हाय?" मामा त्यांच्या डोक्यावरच्या बोर्डाला हात लावून म्हणाले, "तुमच्यावर काय तक्रार न्हाई. पर ह्यो तापलाय. जरा बाजूला सरका." चेअरमन असे सरकले की खुर्ची आडवी झाली. ठराव एकमतानं मंजूर झाला, पण त्यानंतर मामा सभेला येणार म्हटलं की चेअरमन आधी खुर्ची हलवून घ्यायचे.

माझ्या लग्नाच्या वेळी तर त्यांनी कमालच केली. स्थळ येडशीचं होतं, मुलगा रेल्वेत. आईनं मामांना चौकशीला पाठवलं. ते परत आले ते तोंड पाडूनच. आई एकेक विचारू लागली. "पोराला व्यसन हाय का?" "न्हाई." "माणसं वाईट हायती?" "माणसं लई चांगली." "मग?" मामा म्हणाले, "माजघरातला बोर्ड तापतोय. तिथं पोरगी कशी द्यायची?" दुसऱ्याच दिवशी ते तांब्याची तार घेऊन येडशीला गेले, व्याह्यांच्या घराची सगळी जुनी तार ओढून काढली, नवी घातली, प्रत्येक बोर्डाला हात लावून पाहिला आणि मगच होकार दिला. माझे सासरे अखेरपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, की लोक मानपान मागतात, हिच्या मामानं आमच्याकडं वायरिंग मागितली.

आम्ही हसायचो. मामांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं, आणि त्याचं कारण मला बरंच उशिरा कळलं.

मोठ्या दुष्काळाच्या आगेमागे गावात लाइट आली. मामा तेव्हा नुकतेच वायरमनचं काम शिकून आले होते. तांब्याची तार मिळायची मारामार, म्हणून सोसायटीच्या दुकानात ॲल्युमिनियमच्या तारेची भेंडोळी आली होती. आमच्याकडं ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, तेव्हा ती जर्मनची तार. पांढरीशुभ्र, हलकी, वाकवाल तशी वाकणारी. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली माणसं संध्याकाळी मामांच्या शिडीखाली उभी राहायची. बटण दाबलं आणि बल्ब लागला की म्हाताऱ्या बाया देव्हाऱ्यातल्या दिव्याला जोडावेत तसे हात जोडायच्या. मामाही जोडायचे. त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस तेच असावेत असं मला वाटतं.

मग काही वर्षांनी एका घरात बोर्डाखालच्या खुंटीवरची गोधडी पेटली. माणसं घरात होती, पाणी ओतून विझवली, कुणाला काही झालं नाही. कुणी मामांना एका शब्दानं बोललंही नाही. "बोलले असते तर बरं झालं असतं," असं ते पुढं कायम म्हणायचे. काळा पडलेला बोर्ड उघडून बघताना त्यांना जे समजलं ते त्यांनी मला एकदा सांगितलं. "ही तार लई मऊ, पोरी. स्क्रूखाली दबती. तापली की फुगती, निवली की आकसती, असं करत करत ढिली पडती. अन् ढिली पडली की आगच. म्या शिकताना हे कुणी सांगितलं न्हाई. म्या बी इचारलं न्हाई." त्या दिवसापासून आपणच घातलेली तार घरोघर जाऊन काढणं हे मामांचं आयुष्य झालं. कुणी दार उघडायला कंटाळलं, तर ओट्यावर बसून राहायचे. वर्षं गेली त्यात, पण एकेक करत सगळी घरं गार झाली. राहिलं फक्त एक, आणि तेच त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं होतं.

माझी ही मावशी भूमजवळच्या खेड्यात एकटी राहायची. दुष्काळातल्या भाऊबीजेला तिच्या ताटात घालायला मामांकडं काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी तिच्या घरात तार ओढून दिली. तिनं ओवाळलं, त्यांनी बटण दाबलं आणि म्हणाले, "आक्का, ही माझी ओवाळणी." तीच तार काढायला मामा गेले तेव्हा मावशी दारात आडवी उभी राहिली.

"दिल्याली ओवाळणी माघारी न्यायला आलास व्हय रं? भावाचं आयुष्य असतंय त्यात."

"माघारी न्हाई, आक्का. बदलून देतो. तांब्याची."

"ओवाळणी बदलत्यात व्हय कुणी?"

"बरं, जुनी ऱ्हाऊ दे तशीच. शेजारून नवी वढतो."

"मग जुनीतला उजेड जाणार का न्हाई? तुझ्या नावाचा उजेड म्या माझ्या हातानं घालवू?"

"अगं, तुझं घर पेटंल!"

"पेटू दे. तुला काय होऊ द्यायची न्हाई म्या."

मामांच्या जिवासाठी ती अडून बसली, तिच्या जिवासाठी मामा. दोघंही एकाच आईची. शेवटी मावशीनं तोड काढली. मेन स्विच बंद करून ती कंदिलावर राहू लागली. सगळ्या गावात लखलखाट, आणि वायरमनच्या बहिणीच्या घरात कंदील. फक्त भाऊबीजेला, मामा आले की लाइट लागायची. मामांचा पाट बोर्डाच्या खाली मांडला जायचा. कपाळाला कुंकू लावून घेताना एक हात ताटात आणि दुसरा वर बोर्डाला. आम्ही भाचरं पोट धरून हसायचो. "अजून कोमटच हाय, आक्का," ते म्हणायचे, आणि ओवाळणं झालं की स्वतःच मेन स्विच पाडायचे. कंदिलाच्या उजेडात दोघं जेवायला बसत. ते जेवण मला आज आठवलं की हसू येत नाही. एका तारेपायी इतकी वर्षं दोघांनी अंधारात काढली, आणि आमच्यापैकी कुणालाच त्यातून वाट काढता आली नाही, याचं फार वाईट वाटतं.

मामा एका उन्हाळ्यात आजारी पडले आणि गेले. दिवसकार्य उरकल्यावर मावशीनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "तुझ्या येडशीच्या घरात घातली तसली तार आण. अन् कुणाला तर बोलीव. काढू दे आता ती जर्मनची तार. आता कुणाचं आयुष्य जपायचंय मला?"

मी भूमहून वायरमन घेऊन गेले. त्यानं बोर्ड उघडला तर तारेच्या टोकांवर पांढरी भुकटी चढलेली होती, बोट लावताच तुकडे पडले. त्यानं सगळी तार काढून नवी घातली आणि तो गेला. दिवेलागणीला मावशीनं बटण दाबलं. घरभर उजेड पडला. मी सवयीनं हात जोडले. तिनं जोडले नाहीत. ती टाचा उंच करून उभी राहिली, उजव्या हाताची मागची बाजू बोर्डाला टेकवली आणि डोळे मिटले.

"गार हाय रं," ती म्हणाली. "ये की, हात लावून बघ. गार हाय."