हैबतमामांची पोच

हैबतमामांना रिकाम्या हाताने चालता येत नसे. भाजी आणायला निघाले तरी हातात काहीतरी लागायचंच. जुनं पाकीट, बायकोची चिठ्ठी, काहीच नसलं तर वर्तमानपत्राची घडी. हात रिकामा असला की त्यांची चाल बिघडे, पाय एकमेकांना विचारत पडत. पण मुठीत कागद आला की माणूस सुटे. राजवाड्याहून छावणीला निघालेल्या एका टांग्याला त्यांनी म्हणे तीनदा मागे टाकलं आणि चौथ्यांदा घोड्यानेच मालकाला घरी चलायला सांगितलं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. त्या घोड्याचा चेहरा मात्र मी नंतर पाहिला आहे.

मामा म्हणजे हैबतराव वाघमोडे, आमच्या कार्यालयातले टपाल पोचवणारे शिपाई. त्यांचे पणजोबा, आजोबा, वडील सगळे होळकरांचे जासूद. सरकारी कागद घेऊन पळायचं, ज्याचा त्याच्या हातात द्यायचा आणि पोच घेऊन परत यायचं, एवढाच त्या घराण्याचा धंदा. संस्थान गेलं, मध्यभारत आला, राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात आमच्या इंदुरात हवा खायला येऊ लागली, तरी मामांचा धंदा तोच राहिला. पोस्टाच्या लोकांवर त्यांचा राग होता. "डाकवाला काय करतो भिया? पेटीत टाकतो आणि निघून जातो. पोच घेतो का? मग पोचला हे त्याला समजलं कसं?"

आणखी एक खोड होती. राजवाड्याच्या दारासमोरून जाताना मामा वहाणा काढून हातात घेत. आत आता कोणी बसत नव्हतं. मी एकदा तसं म्हणालो. ते म्हणाले, "बसत नाही ते मला पण दिसतं. पण दार तर आहे ना?"

अशा या माणसावर घरी बसायची वेळ आली ती एका जुन्या थापेमुळे. मामा बारा वर्षांचे असताना वडील गेले. वडिलांच्या जागी लागायला अठरा वर्षं लागत, म्हणून कारभाऱ्याने दया येऊन कागदावर अठरा लिहिलं. मुलगा कामाला लागला, सगळे खूश. ती सहा वर्षं कागदात गुपचूप बसून राहिली आणि संस्थानांच्या नोकऱ्या एक करताना ग्वाल्हेरहून आलेल्या आमच्या नव्या साहेबांच्या हाती लागली.

"हैबतराव, कागद म्हणतो पंचावन्न पुरी झाली," साहेब म्हणाले.

"कागद म्हणतो जी. पायांना विचारा."

साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त ग्वाल्हेरचा होता. सव्वीस जानेवारीला सगळ्या खात्यांची मिळून तीन मैलांची शर्यत होणार होती. साहेब हसत म्हणाले, "ठीक. पहिल्या तिनात या. मी वर लिहीन की कागद चुकलाय. नाहीतर महिनाअखेर सोडा."

सगळी कचेरी हसली. मामा हसले नाहीत. माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाले, "भिया, घरी बसून मी काय करू? घरात पोचवायचं कुठे?"

मीही त्या शर्यतीत नाव दिलं होतं. माझं पळणं म्हणजे पोहे खाऊन जिलबीच्या दुकानापर्यंत, पण मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि बढाया चाळीस पहिलवानांच्या मारत होतो. मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जासूद कधी एकटा धाडत नसत. जोडी असायची. कागद एकाच्या मुठीत, पण जिम्मा दोघांचा. माझा जोडीदार साथीत गेला, तेव्हापासून एकटाच फिरतोय. त्या दिवशी तू माझा जोडीदार."

"मी काय करायचं?"

"मागे राहायचं. माझ्या पाठीवर कोणाला येऊ द्यायचं नाही. बस."

पळताना मुठीत काय धरायचं हा प्रश्न मी सोडवला. मामांना आणखी सहा वर्षं ठेवावं असा साहेबांच्या नावाचा अर्ज मी सुरेख अक्षरात लिहिला आणि पाकिटात घातला. शर्यत संपली की साहेबांच्याच हातात द्यायचा. मामांना ते फार आवडलं. आणि मी आणखी एक हुशारी केली. रस्त्यावर नवी गिट्टी पसरली होती, वहाणा टिकणार नाहीत, म्हणून माझ्या भावाचे कॅनव्हासचे बूट मामांच्या पायात चढवले. मामांनी नाडी कधी बांधली नव्हती. मी स्वतः गुडघ्यावर बसून बांधली, सुटू नये म्हणून दुहेरी गाठ मारली, वर ओढून पाहिली.

"भिया, पाय कोणीतरी पकडून ठेवल्यासारखे वाटतात."

"सवय होईल मामा."

सकाळी राजवाड्याच्या चौकात आम्ही साठजण उभे राहिलो. थंडी अशी की बोललेले शब्द गोठून खाली पडत होते आणि मागचे लोक ते तुडवत होते. कृष्णपुऱ्याचा पूल, तोफखाना, छावणी, तिथे हवालदाराकडून मनगटाला लाल दोरा बांधून घ्यायचा आणि त्याच रस्त्याने परत. निघताना मी पाहिलं, शर्यत संपायची, चौकात बांधायची फीत पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून राजवाड्याच्या दाराच्या सावलीत नेत होते, अगदी उंबऱ्यासमोर. मी ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

पहिला मैल मामा बाविसावे होते. मी मोजत होतो, कारण दुसरं काही करण्याइतका दम माझ्यात नव्हता. तोफखान्यापाशी जोरात सुटलेले कॉलेजचे खेळाडू एकेक करून कंबर धरायला लागले आणि मामा त्यांच्यामधून कागद सरकावा तसे सरकले. ना हात हलत, ना मान. उजवी मूठ छातीशी, मुठीत पाकीट. छावणीला दोरा बांधून वळलो तेव्हा ते पाचवे होते आणि मी, देवाशप्पथ, सातवा. आमच्यामध्ये सहावा होता पोस्टातला चौहान. लांब टांगांचा, रोज सायकलवर सांवेरपर्यंत जाणारा.

परतीला महूचा एक फौजी आणि गिरणीतला एक कामगार इतके पुढे गेले की त्यांचा विचार सोडून दिला. राहिला तिसरा नंबर. पुलाच्या अलीकडे मामांनी दोघांना गाठलं आणि तिसरे झाले. मीही चौहानला गाठलं, कसं ते विचारू नका. माझ्या छातीत आगगाडीचं इंजिन शिट्ट्या देत होतं. ते दोघे आमच्याही मागे पडले आणि चौहान माझ्या खांद्याला खांदा लावून धावू लागला.

"हट जा बाबू," तो म्हणाला.

मी हटलो नाही. तो डावीकडे गेला की मी डावीकडे, तो उजवीकडे की मी उजवीकडे. पुलानंतरचा चढ आला. मामा पंधरा पावलं पुढे. वळण घेतलं आणि राजवाडा दिसला, सात मजले, खाली दार, दारात पांढरी फीत. बाजूला खुर्चीत साहेब. लोक ओरडत होते. माझ्या मनात मी सहा वर्षं मोजून घेतली, पगारासकट.

फितीच्या दोन पावलं अलीकडे मामा थांबले.

मला वाटलं पडले. पडले नव्हते. वाकले होते. पाकीट दातात धरलं होतं आणि दोन्ही हातांनी डाव्या बुटाची नाडी ओढत होते. वहाणा असत्या तर एका झटक्यात निघाल्या असत्या, पाऊलही चुकलं नसतं. आता माझी दुहेरी गाठ होती.

"मामा, चला," मी ओरडलो.

त्यांनी वर पाहिलं नाही. पाकिटाच्या आडून म्हणाले, "दार आहे भिया. गाठ सुटत नाही."

पुढचं मी इंदूरभर पन्नास तऱ्हांनी सांगितलं आहे. डोळ्यांत धूळ गेली होती, चौहानने धक्का दिला, उतार होता. तिथे उतार नाही. मला थांबता आलं असतं. थांबून तरी काय, चौहान गेलाच असता, हेही खरं. पण तो विचार मी नंतर केला. त्या क्षणी समोर फीत होती आणि जन्मात मी कशातही तिसरा आलेलो नव्हतो. मी मामांच्या बाजूने गेलो. फीत पहिल्याने तोडली होती, तिचं लोंबतं टोक माझ्या गळ्यात अडकलं. मी तिसरा. चौहान चौथा. मागच्या दोघांपैकी एकजण पाचवा.

मग अनवाणी पायांनी, बूट काखेत घेऊन मामा आले. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, साहेबांसमोर गेले आणि दातांच्या खुणा उमटलेलं पाकीट पुढे धरलं.

साहेबांनी अर्ज वाचला. बराच वेळ वाचला. "हैबतराव, मी तिसरा म्हणालो होतो."

"हो जी. सहावा आलो."

मी मध्ये पडलो. "साहेब, तिसरा नंबर यांचा आहे. दारात बूट काढायला थांबले, नाहीतर..."

"दिघे, शर्यत फितीपाशी संपते. हे अलीकडे थांबले."

"साहेब बरोबर बोलतात," मामा म्हणाले. "पोच द्या जी."

साहेबांनी पाकिटाच्या मागे पोच लिहून सही केली. लिहिताना त्यांची मान खाली होती आणि ती लवकर वर आली नाही. पण शब्द फिरवला नाही. महिनाअखेर मामांनी पट्टा आणि बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला, माझ्याकडून त्याची पोच घेतली आणि हातात काहीच नसल्यामुळे अडखळत जिना उतरले. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होतो?

तिसऱ्या नंबरचं बक्षीस पितळी तांब्या होता. तो आमच्या घरी आठ दिवस राहिला आणि त्यातलं पाणी कोणालाही कडू लागलं नाही, माझ्याशिवाय. नवव्या दिवशी तो घेऊन मी मामांच्या घरी मल्हारगंजला निघालो. टांगा केला नाही. चालत निघालो आणि का कोण जाणे, अर्ध्या रस्त्यात पळायला लागलो. लोक बघत होते. एका हातात तांब्या, तोंडाला फेस, इंदुरात तेव्हा याहून कमी कारणावर माणसाला वेड्यांच्या इस्पितळात नेत.

मामांच्या दारात मी बूट काढले. गाठ सुटेना. मामा ओट्यावर बसून बघत होते, मदतीला आले नाहीत.

"सावकाश भिया. मी कुठे जात नाही."

मी तांब्या पुढे केला. "मामा, हा तुमचा. मी थांबायला हवं होतं."

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, उलटा करून बुड पाहिलं, आत पाहिलं. "थांबला असतास तर डाकवाल्याला मिळाला असता," म्हणाले. मग आत जाऊन कागदाचा तुकडा आणि बोरू घेऊन आले. मला पोच लागत नाही, असं मी म्हणालो, पण ते ऐकणारे नव्हते. मोडीत दोन शब्द लिहून त्यांनी घडी माझ्या मुठीत दिली.

मामा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मला मोडी अडखळत वाचता येई, म्हणून तो कागद मी त्या दिवशी परतताना कृष्णपुऱ्याच्या पुलावर थांबून, एकेक अक्षर लावून वाचला. सही नव्हती, तारीख नव्हती, तांब्याचा उल्लेखही नव्हता.

लिहिलं होतं, जोडी पोचली.