फ्रिजशेजारची गुढी

त्या वर्षी बेळगावच्या सीमाप्रश्नावरून मराठी-कन्नड पुन्हा पेटलं होतं. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ काळं फासलेल्या बसगाड्या. ऑफिसात एकाने हसत हसत विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" मीही हसले. घरी येईपर्यंत ते मेलं हसू तोंडावर तसंच चिकटून होतं.

बनशंकरी या कन्नड वस्तीत पहिल्या मजल्यावर मी एकटीच राहते. गाव बेळगावकडचं; घरी मराठी, शाळेपासून कन्नड. म्हणजे दोन्हीकडे थोडी थोडी परकीच. पाडव्याला इथे दारोदार आंब्याची तोरणं लागतात, कडुलिंब आणि गुळाचं बेवु-बेल्ल वाटतात. गुढी मात्र अख्ख्या गल्लीत माझी एकटीची. एरवी मला त्याचा केवढा तोरा. त्या वर्षी काठी हातात घेतली आणि पाय बाल्कनीकडे वळेचनात. रेशमी खण लावलेली काठी खालून कुणाला झेंडा वाटली तर? कोण समजावत बसणार? शेवटी गुढी उभारली ती फ्रिजशेजारी. तांब्या छताला लागत होता, म्हणून काठी कशीबशी तिरकी करून कोंबली. हळद-कुंकू वाहिलं आणि इतकं एकटं वाटलं की आईला फोनही करवेना.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या अक्का बेवु-बेल्लाची वाटी घेऊन आल्या. त्यांच्या घरात तमिळ बोलतात, पण जन्म इथलाच. गुढी बघून त्या दारातच थांबल्या.

"आत का उभारलीस?"

"असंच. स्वल्प भीती वाटली," मी त्यांच्याशी बोलते तसं कन्नडमध्येच म्हटलं.

अक्का खुर्चीवर टेकल्या. "नदीच्या पाण्यावरून तमिळांविरुद्ध दंगल झाली ना, तेव्हा आमच्या अप्पांनी दारावरची तमिळ पाटी काढून कॉटखाली ठेवली. शांत झालं की लावू, म्हणाले. शांत झालं, अप्पाही गेले. पाटी अजून कॉटखालीच आहे."

मी फ्रिजशेजारी गेले. काठी उचलली. अक्कांनी स्टूल धरलं, मी बाल्कनीच्या गजाला सुतळी बांधली.

संध्याकाळी गुढी उतरवेपर्यंत मी पडद्याआड बसून रस्त्यावर नजर ठेवली. माणसं येत होती, जात होती. एकानेही मान वर करून पाहिलं नाही. आधी हायसं वाटलं, मग रडू आलं. ज्यांना मी आठवडाभर घाबरून होते, त्यांना मी इथे राहते हेसुद्धा ठाऊक नव्हतं.